जिवतीचा कागद

श्रावणातल्या शुक्रवारी दिवेलागणीला आईचा फोन येतो. "झालं गं तुझं औक्षण," एवढंच म्हणते. म्हणजे वाईच्या घरात देव्हाऱ्याशेजारी लावलेल्या जिवतीच्या कागदाला आघाडा-दूर्वा-फुलांची माळ घालून झाली, हळदकुंकवाची बोटं लावलेलं कापसाचं वस्त्र वाहून झालं, दूध-साखरेचा आणि गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य झाला, पुरणाचे दिवे लावून आरती झाली, आणि लेकी समोर नाहीत म्हणून त्यांच्या त्यांच्या दिशेला अक्षता टाकून झाल्या. मी पुण्यात, म्हणून माझी दिशा खंबाटकीच्या घाटाची. धाकटी बंगळूरला असते, तिची साताऱ्याकडची. जिवती लेकराबाळांना सांभाळते. मी ३६ वर्षांची आहे, कॉलेजात शिकवते, डोक्यात पांढरे केस आहेत. पण आईच्या लेखी अजून लेकरूच.

यंदा पहिल्या शुक्रवारी फोन ठेवता ठेवता तिने सहज विचारलं, "तू लावलास का गं कागद?" मी नाही म्हटलं. "हो, तू कशाला लावशील अजून," ती बोलून गेली आणि पुढच्याच क्षणी, "तसं नव्हे गं म्हणायचं मला." मग दोघीही गप्प. जिवतीचा कागद लावायचा तो लेकुरवाळीने. तो ‘अजून’ आईने मुद्दाम टाकला नव्हता. तरी रात्री भांडी घासताना, सकाळी बसमध्ये, तो माझ्याबरोबर फिरत राहिला.

लग्नाला नऊ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं माझ्याकडे सरळ उत्तर होतं: एवढ्यात नको. तेव्हा नोकरी कायम झाली नव्हती, घर भाड्याचं होतं. मग नोकरी कायम झाली, घराचे हप्ते सुरू झाले, आणि ‘एवढ्यात नको’च्या खाली काय आहे ते उघडं पडलं. मला मूल हवं आहे की नको, हे मला माहीत नाही. गेली सहा वर्षं माहीत नाही.

‘होत नाही’ म्हटलं की माणसं हळवी होतात, डॉक्टरांची नावं देतात, नवस सुचवतात. ‘नको’ म्हटलं की वाद घालतात, पण निदान समोरच्या बाईचं काहीतरी ठरलंय हे धरून चालतात. ‘माहीत नाही’ला कोणी बसायला पाट देत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, हिचं आतून ‘हो’ आहे, फक्त जरा ढकलायला हवं. नाहीतर, हिला होत नसणार आणि लपवतेय. भाषेनेही माझी सोय केलेली नाही. मूल असलेली ती लेकुरवाळी. नसलेलीसाठी जो शब्द आहे त्याने कितीतरी बायकांचं जगणं जाळलंय, तो मी इथे लिहीतही नाही. पण जी उंबऱ्यात उभी आहे तिला काय म्हणायचं? लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळताना जी अडखळायची ती बाद व्हायची. हळदीकुंकवाला गेले की मला तसं वाटतं. ओटी भरणारी बाई तांदूळ घालता घालता कानाशी पुटपुटते, "पुढच्या वर्षी पाळणा हलू दे," आणि मी मान डोलावते. मान डोलावणं हे खोटं बोलणंच आहे, आणि ते मला प्रत्येक वेळी टोचतं.

हवंसं वाटतच नाही असं नाही. मागच्या मे महिन्यात धाकटीचा मुलगा आठ दिवस माझ्याकडे होता. चार वर्षांचा. एका रात्री तापला. धाकटीला फोन केला, डॉक्टरांना विचारून औषध दिलं, आणि पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले. त्याने माझ्या गाऊनची बाही मुठीत धरली होती. पट्टी बदलायला वाकले तरी मूठ सैल होईना, झोपेत बोटं आणखी आवळायची. बाहीचा तो कोपरा घामाने ओला आणि चुरगाळलेला. पहाटे पाचला ताप उतरला, कपाळ गार लागलं, आणि मूठ आपोआप उघडली. त्या तीन तासांत मला जगातलं दुसरं काही नको होतं.

तो गेल्यानंतरच्या रविवारी मी नेहमीसारखी पहाटे साडेपाचला एकटीच टेकडीवर गेले. गेली पाच वर्षं त्या टेकडीवरच्या झाडांची, गवतांची एक वही मी करते आहे. कुठल्या आठवड्यात काय फुललं, कुठे वणवा लागला, कुठली वेल गेली. कोणी सांगितलेलं काम नाही, कोणी वाचणारही नाही. पण त्या दोन तासांत मी मला पुरी भेटते. परतताना इतकं स्पष्ट वाटलं की हे मला कोणासाठीही सोडायचं नाही. तापलेल्या मुलाशेजारी बसलेली मी खरी, आणि टेकडी उतरणारीही खरी. माझी अडचण तीच आहे. यातली एक खोटी असती तर मी कधीच मोकळी झाले असते.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. दुसरा धडा प्रजननाचा. दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मी फळ्यावर अंडाशय काढते, कडेने वाढत जाणारी पुटिका एकामागे एक गोल गोल काढते आणि आकडे सांगते. मुलीचा गर्भ पाच महिन्यांचा असतो तेव्हा त्याच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्मताना त्यातल्या १० ते २० लाख उरतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख. आणि आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात त्या फक्त चारशेच्या आसपास. नवीन तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर उतार वाढतो. हे सगळं मी न अडखळता सांगते, परीक्षेला येतं म्हणून अधोरेखित करायला लावते. या वर्षी आकृतीला नावं देऊन मी हात झटकत होते तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला मुलं किती?" तिचा हेतू अगदी साधा होता, शिक्षकांच्या घरचं कुतूहल सगळ्यांनाच असतं. "नाहीत," मी म्हटलं. ती ओशाळली. मी वळून फळा पुसायला घेतला, आणि पुसता पुसता लक्षात आलं की त्या आकृतीत मी माझं वय बघत होते.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले. एएमएच या संप्रेरकाची रक्ततपासणी झाली. रिपोर्टवर १.२ आकडा. डॉक्टर समजूतदार होत्या. हा आकडा साधारण किती बीजं शिल्लक आहेत त्याचा अंदाज देतो, ती कशी आहेत किंवा तुम्हाला दिवस राहतील की नाही हे सांगत नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मग बीजं गोठवण्याचा पर्याय सांगितला: दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, मग भूल देऊन बीजं काढायची. २०२१च्या कायद्याप्रमाणे ती १० वर्षांपर्यंत ठेवता येतात. मैत्रिणींपैकी दोघींनी हे केलंय आणि त्यांच्यासाठी ते बरोबरच होतं. एकीला जोडीदार भेटायचा होता, दुसरीला आजारपणातून उठायचं होतं. त्यांना वेळ हवा होता. मला सहा वर्षं वेळ मिळाला होता. आणखी दहा मिळाले तर मी त्यांचं काय करणार, हे मला तिथे, त्या खुर्चीत बसून, सांगता आलं नाही.

"तुमच्या मिस्टरांचं काय म्हणणं?" डॉक्टरांनी विचारलं. अभयचं म्हणणं मला पाठ होतं. "तू म्हणशील ते. शरीर तुझं, निर्णय तुझा." असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं माझ्या मैत्रिणी म्हणतात, आणि पहिली काही वर्षं मीही मानत होते. पुढे पुढे त्या वाक्याने मी एकटी पडत गेले. तो मला अडवत नव्हता हे खरं, पण माझ्याबरोबर विचारही करत नव्हता. त्या रात्री रिपोर्ट ओट्यावर ठेवून मी म्हटलं, "मी काय म्हणेन ते राहू दे. तुला काय वाटतं ते आज सांग. चुकीचं वाटलं तरी चालेल." तो बराच वेळ गॅसची शेगडी पुसत राहिला. मग म्हणाला, "मला हवंय असं वाटतं. खूप नाही, पण वाटतं. आणि तू नको म्हणालीस तर मी मनात कुढणार नाही याची मला खात्री नाही, म्हणून मी बोलत नव्हतो." मला रडू आलं. दुःखाने नव्हे. सहा वर्षांत पहिल्यांदा या प्रश्नाला दुसऱ्या कोणीतरी हात लावला होता.

त्यानंतर आम्ही खूप बोललो. पैशांबद्दल बोललो, पण त्यात फार काळ गेला नाही. आमच्यापेक्षा कमी पगारात माणसं मुलं वाढवतात. हवा, पाणी, पुढचं जग कसं असेल याबद्दलही बोललो, आणि ते खरं असूनही माझ्या प्रश्नाला ते लागू पडत नाही असं मला वाटलं. म्हातारपणी कोण बघणार, हे कारण मी ऐकूनच घेतलं नाही. उद्या आपली उशी सरळ करायला कोणी असावं म्हणून एक जीव जन्माला घालायचा, हे मला फार मोठं ओझं वाटतं, आणि ते त्या जीवाच्या डोक्यावर असतं.

दत्तकाचा विचार झाला. ‘कारा’चे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, नियम वाचले. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५च्या आत लागते, आमची ७५. म्हणजे तिथे दार उघडं आहे, नोंदणी आणि घराच्या पाहणीनंतर काही वर्षं वाट बघावी लागली तरी. लोक म्हणतात, "एवढा विचार करतेस तर दत्तक घे ना." त्यांना वाटतं माझा प्रश्न नऊ महिन्यांचा आहे. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. कूस कोणाचीही असो, आई मलाच व्हावं लागणार, आणि अनाथ बाळाला तर द्विधा मनाची आई मुळीच मिळू नये.

सोबतची एक शिक्षिका १८० दिवसांची रजा संपवून परत आली ते दिवस आठवतात. आमच्याकडे तिला बसायला जागा नव्हती. प्रयोगशाळेमागच्या खोलीत, फॉर्मॅलिनमधल्या बेडकांच्या आणि सापांच्या बरण्यांशेजारी, स्टुलावर बसून ती पंपाने दूध काढायची. मी दाराशी उभी राहायचे, कोणी आत येऊ नये म्हणून. आतून त्या पंपाचा खर्र-खर्र आवाज. एकदा बाहेर येऊन ती म्हणाली, "मला खूप छान वाटतंय आणि मला पळून जावंसं वाटतंय. दोन्ही एकदम." ती बाटली रुमालात गुंडाळत होती. तिला हे बोलता आलं कारण तिच्याकडे बाळ होतं. बाळ असलेल्या बाईच्या मनात दोन गोष्टी असल्या तर थकली असेल म्हणतात. बाळ नसलेलीच्या मनात असल्या तर स्वार्थी म्हणतात.

या दिवसांत मला मालतीबाई कर्व्यांची फार आठवण यायची. र. धों. कर्व्यांचं काम आपल्याला माहीत असतं: १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र, १९२७पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलेलं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक, या कामापायी सोसलेले खटले आणि गेलेली प्राध्यापकी. मालतीबाई या सगळ्यात त्यांच्याबरोबर होत्या. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. शंभर वर्षांपूर्वी, जेव्हा वर्षाआड पाळणा हेच बाईचं आयुष्य होतं, तेव्हा. त्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण मला त्या ठरण्याच्या आधीच्या रात्री हव्या आहेत. गिरगावातल्या त्या घरात हा विषय पहिल्यांदा कोणी काढला असेल? मालतीबाईंनी लगेच हो म्हटलं असेल का? शेजारच्या घरातून बारशाचं गाणं ऐकू आलं तेव्हा त्या काय करत असतील? आपल्याकडे निर्णयांचा इतिहास लिहितात. निर्णयाआधीच्या बायका त्यात नसतात.

दुसऱ्या श्रावणी शुक्रवारी मी रजा टाकून वाईला गेले. सुरूरच्या फाट्यावर उतरले तेव्हा पाऊस होता. आई कणकेची खळ करून कागदाचा सुटलेला कोपरा चिकटवत होती. वर नरसिंह, मग कालियामर्दन, खाली पोरांच्या घोळक्यात जरा-जिवंतिका, आणि हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. लहानपणी मी याच कागदावरची पोरं मोजायचे. संध्याकाळी तिने मला पाटावर बसवून पुरणाच्या दिव्यांनी ओवाळलं. दिव्यातलं तूप पुरणात मुरून त्याचा खमंग वास आला होता. धाकटीसाठी साताऱ्याच्या बाजूला अक्षता टाकल्या. आणि मग हातात राहिलेली एक चिमूट तिने खाली वाटीत ठेवली नाही. दाराशी जाऊन, कुठल्याच दिशेला नाही, सरळ समोर अंगणात टाकली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

ती पाटावर टेकली. साडीच्या पदराला बोटं पुसत राहिली. "तुमच्या पाठीवरचं," म्हणाली.

मला त्यातलं काही माहीत नव्हतं. १९९४ साली मी पाच वर्षांची, धाकटी दोनची. आईने तांबी बसवून घेतली होती, ती निसटली आणि दिवस राहिले. १९७१च्या गर्भपाताच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईचं संततिनियमनाचं साधन फसलं तर गर्भपाताला परवानगी होती, आणि सज्ञान बाईची एकटीची संमती पुरे होती. पण दवाखान्यात आईला कोणी हे सांगितलं नाही. नवऱ्याची सही आणा म्हणून परत पाठवलं. बाबा आले, सही करून बाहेर बाकावर बसले. पुढे त्याच वर्षी तिने ऑपरेशन करून घेतलं. मला आठवतं ते एवढंच की आई तीन दिवस पडून होती आणि आजीने मला शाळेत सोडलं होतं.

"तुला वाईट वाटतं?" मी विचारलं. मला वाटतं मी हा प्रश्न तिला कमी आणि स्वतःला जास्त विचारत होते.

"आठवण येते," ती म्हणाली. "पण परत ती वेळ आली तर मी तेच करीन. दोन पोरींनाच मी पुरत नव्हते. मला पक्कं माहीत होतं तिसरं नको. आठवण आली म्हणजे चुकलं, असं थोडंच असतं?" मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "माझं सोपं होतं गं. मला माहीत होतं. तुझं जड आहे."

सहा वर्षांत मला कोणी जड आहे म्हटलं नव्हतं. उशीर झाला म्हणाले, विचार करू नकोस म्हणाले, एकदा झालं की सगळं जमतं म्हणाले. आईने वजन उचलून बघितलं आणि जड आहे म्हणाली.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला कळलं की मी इतकी वर्षं निःशेष भाग जाणारं उत्तर शोधत होते. हो म्हणावं आणि टेकडीची हुरहूर बाकी राहू नये. नाही म्हणावं आणि त्या मुठीची आठवण येऊ नये. आईने ठाम मनाने, सगळं कळून, स्वतःचं गणित सोडवलं होतं, आणि तिच्याही हातात तीस वर्षांनी एक चिमूट बाकी होती. ती लपवत नव्हती, तिच्यापायी झुरतही नव्हती. श्रावणात चार शुक्रवार ती चिमूट अंगणात टाकत होती.

जिवतीची गोष्टही मी पुन्हा आठवली. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांनी एक आंबा अर्धा अर्धा खाल्ला, दोघींना अर्ध-अर्धं बाळ झालं, ते तुकडे चव्हाट्यावर टाकून दिले, आणि जरा नावाच्या राक्षसिणीने ते उचलून जोडले तेव्हा मूल रडलं. तीच ही जरा, असं मानतात. घराघरांत लेकरांसाठी जिची पूजा होते, ती त्या गोष्टीत कोणाची आई नाही. तिने उचललं, जोडलं, आणि राजाला नेऊन दिलं. मला यातून उत्तर मिळालं नाही. पण कागदासमोर बसायला मला परकं वाटेनासं झालं.

पुण्याला परतल्यावर मी एकच गोष्ट केली. सासूबाईंना चिंचवडला जाऊन भेटले. त्यांनी मला या बाबतीत कधी एका शब्दाने टोकलं नाही. पण त्यांच्या कपाटात एक डबी आहे, अभयच्या बाळपणीच्या चांदीच्या बिंदल्या आणि वाळे. दर दिवाळीआधी त्या ते रांगोळीने घासून लखलखीत करतात आणि पुन्हा मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. नऊ दिवाळ्या मी ते बघितलं आहे आणि नऊही वेळा मी दुसऱ्या खोलीत गेले आहे.

"अहो आई," मी म्हटलं, "मला अजून माहीत नाही. तुम्हाला नातवंड द्यायचं की नाही हे मी टाळत नाहीये. मला खरंच कळत नाहीये. कदाचित कळणारही नाही, आणि वय निघून जाईल."

त्या काही बोलल्या नाहीत. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. उठून कपाटातून डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "तुझ्याकडेच असू दे," म्हणाल्या. "लागल्या तर लागल्या. नाहीतर मोडून तुला पैंजण कर. चांदी चांगली आहे जुनी."

डबी आता माझ्या खणात आहे, त्या रिपोर्टच्या वर. काल उघडून पाहिली. पावसाळी हवेने एका वाळ्यावर काळसर डाग धरलाय. गौरी यायच्या आत घासून ठेवायला हवेत. रांगोळी आणली आहे.